कोंडवाड्यातल्या कुत्र्याला वेदनेविना मरण: नगरपंचायतीकडून हे कसं करून घ्यायचं

मराठवाड्यातल्या कितीतरी तालुक्याच्या गावी कुत्र्यांसाठी अशी वेगळी जागा नसते. मोकाट जनावरांच्या जुन्या कोंडवाड्याचा एक कोपरा, नाहीतर कचरा डेपोच्या कुंपणाला लागून उभं केलेलं पत्र्याचं शेड, एवढाच कुत्र्यांचा कोंडवाडा. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा त्या पत्र्याखाली दहा मिनिटं उभं राहून पाहा. तिथे आणलेली काही कुत्री खरोखर वाचण्यापलीकडची असतात: हायवेवर ट्रकखाली सापडलेली, कणा मोडलेली, तासातासाला झटके येणारी. त्यांना मरण द्यावं लागतं, हे आम्ही मानतो. प्रश्न ते मरण कसं येतं याचा आहे. कोण ठरवतं, औषध कोणतं, सुई कोणाच्या हातात, आणि शेवटची पंधरा मिनिटं ते कुत्रं कशा अवस्थेत काढतं.

या एका गोष्टीवर नगरपंचायतीला वळवता येतं. त्यासाठी मोर्चा लागत नाही. कागद लागतात, एक कबूल झालेला पशुवैद्यक लागतो, आणि दर महिन्याला रजिस्टर उघडून पाहणारी दोन माणसं लागतात.

कायदा, कामापुरता

प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११(१)(एल) मध्ये मोकाट कुत्र्यांचा उल्लेख नाव घेऊन आला आहे. हृदयात स्ट्रिक्निनचं इंजेक्शन देऊन, किंवा विनाकारण क्रूर अशा दुसऱ्या कुठल्याही रीतीनं प्राण्याला मारणं हा गुन्हा आहे. स्ट्रिक्निन म्हणजे आपल्याकडचा कुचला. तो खाण्यातून घालायची जुनी रीत खेड्यापाड्यांत ठाऊक आहे. कुचल्यानं अंग धनुष्यासारखं ताठ होतं, जरा आवाज झाला तरी झटका येतो, श्वास कोंडतो, आणि हे सगळं होत असताना कुत्रं पूर्ण शुद्धीवर असतं. या कलमात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. म्हणून विषप्रयोगाची तक्रार देताना भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ सोबत लिहाच. प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, पंगू करणं याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

रोजच्या कामाचा कागद दुसरा: प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३. हे १० मार्च २०२३ रोजी निघाले आणि २००१ चे जुने नियम गेले. यातल्या पाच गोष्टी तोंडपाठ असू द्या. दयामरण फक्त असाध्य आजारी किंवा जीवघेणी जखम झालेल्या कुत्र्यालाच. ते कुत्रं तसं आहे हे स्थानिक देखरेख समितीनं (याच नियमांखाली गावपातळीवर स्थापायची समिती) नेमलेलं पथक ठरवणार, कोंडवाड्याचा मुकादम नाही. काम ठरलेल्या वेळेतच, पात्रताधारक पशुवैद्यकाच्या हातून, शिरेतून सोडियम पेंटोबार्बिटल देऊन किंवा मान्यताप्राप्त दुसऱ्या वेदनारहित पद्धतीनं. एका कुत्र्यासमोर दुसऱ्याला मारायचं नाही. आणि विल्हेवाटीआधी मृत्यू झाल्याची खात्री करायची.

‘फार भुंकतं’, ‘संख्या वाढली’, ‘नगरसेवकांचा फोन आला’ ही कारणं या नियमांत कुठेच बसत नाहीत.

सुप्रीम कोर्टाच्या आदेशांवरून कार्यालयात हमखास गोंधळ घातला जातो, म्हणून तेही नीट वाचून जा. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नसबंदी, लसीकरण आणि जंतनाशक दिलेली कुत्री मूळ जागी सोडायला सांगितलं. रेबीज झालेली वा संशयित आणि आक्रमक कुत्री त्यातून वगळली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानं शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशनच्या आवारातली कुत्री नसबंदी-लसीकरण करून निवाऱ्यात न्यायला, तिथे परत न सोडायला सांगितलं. नंतरचे आदेशही काढून ठेवा. कोंडवाड्यात गर्दी का वाढते आहे हे या आदेशांवरून कळेल, आणि ‘निवाऱ्यात ठेवा’ याचा अर्थ ‘शेडमध्ये संपवा’ असा होत नाही हे शांतपणे सांगता येईल.

देखरेख समिती नावालाही नसलेल्या खेड्यात रस्त्यावर चिरडलेलं कुत्रं तडफडत असेल तर १९६० च्या अधिनियमाचं कलम १३ उपयोगी पडतं. कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलावू शकतो, आणि जनावर जगवणं हीच क्रूरता आहे असा दाखला मिळाल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानं पुढचं करता येतं. फोनवर हे कलम सांगितलं की निदान डॉक्टर तरी लवकर पोचतात.

आधी पाहणी, मग माहितीचा अर्ज

पहिले पंधरा दिवस कोणालाही काही मागू नका. आठवड्यातून तीन वेळा, वेगवेगळ्या वेळी कोंडवाड्यावर जा. किती कुत्री आत आली, पाणी आहे का, आजारी आणि धडधाकट एकाच जाळीत आहेत का, पिल्लं कुठे, मेलेली कुठे टाकतात, एवढंच वहीत तारीख-वेळ घालून लिहा. मोबाईलवर व्हिडिओ काढून लगेच व्हॉट्सॲपवर टाकण्याचा मोह होतो. टाकू नका. व्हिडिओ गावभर फिरला की दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप लागतं, पाच-सहा हजारांवर राबणाऱ्या कंत्राटी कामगारावर कारवाई होते, आणि मरण पहिल्यासारखंच, फक्त रात्रीच्या वेळी चालू राहतं.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. विषय दोन केले की अर्ज परत येतो. तिथेच बहुतेकांचा महिना वाया जातो. मजकूर असा ठेवा:

‘विषय: मागील आर्थिक वर्षात नगरपंचायतीने पकडलेल्या मोकाट कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी. आवश्यक माहिती: १) पकडलेल्या, सोडलेल्या व मृत कुत्र्यांच्या नोंदवहीची साक्षांकित प्रत. २) दयामरण दिलेल्या प्रत्येक कुत्र्याचा पशुवैद्यकीय दाखला. ३) त्या कामासाठी खरेदी केलेल्या औषधांची देयके व साठा नोंदवही. ४) प्राणी जन्म नियंत्रण देखरेख समिती स्थापनेचा आदेश व बैठकांचे इतिवृत्त. ५) मृत कुत्र्यांच्या विल्हेवाटीची नोंद. वरील अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणी करू इच्छितो.’

शेवटचं वाक्य गाळू नका. पाहणीला बसलं की पानांवरची शाई दिसते. वर्षभराच्या नोंदी एका बैठकीत, एकाच पेनानं लिहिलेल्या असतील तर ते झेरॉक्समध्ये कळत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचा स्टॅम्प, पहिलं अपील. त्यापुढे राज्य माहिती आयोगाचं छत्रपती संभाजीनगर खंडपीठ.

कागद हाती आले की एकच ताळा लावा: मेलेली कुत्री एका बाजूला, खरेदी केलेली औषधं दुसऱ्या बाजूला. नोंदवहीत चाळीस दयामरणं आहेत आणि गुंगीच्या औषधाचं एकही देयक नाही, तर त्या चाळीसांचं काय झालं हा प्रश्न लेखी विचारता येतो. कृषी सेवा केंद्राचं मॅग्नेशियम सल्फेटचं बिल दिसलं तर तिथे थांबा. ते खत म्हणून विकलं जातं. शुद्धीवरच्या कुत्र्याला ते टोचलं की स्नायू लुळे पडतात, श्वास बंद पडत जातो, पण जाणीव तशीच राहते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, किती शांत गेलं. ही शांतता फसवी आहे, आणि या मोहिमेत सगळ्यात आधी जी बंद करायची ती हीच पद्धत. पोटॅशियम क्लोराइडचंही तेच. गाढ बेशुद्धीशिवाय यातलं काहीही देणं म्हणजे छळ.

मरायला नको होती अशी कुत्री

दयामरणाच्या यादीत चुकून गेलेली कुत्री वेगळी काढणं हे मोहिमेचं निम्मं काम आहे. ‘असाध्य’ हा शब्द फार सैल वापरला जातो.

लूत भरलेलं कुत्रं, अंगावर केस नाहीत, कातडी हत्तीसारखी जाड झालेली, वास येतो, लोक दगड मारतात. ते मरणार नसतं. लुतीवर औषधं साधी आणि स्वस्त आहेत. काही आठवड्यांत केस परत येतात. जखमेत किडे पडलेलं कुत्रं पाहवत नाही हे खरं, पण किडे काढून जखम धुऊन औषध भरलं तर मानेवरचं मुठीएवढं भगदाडही भरून येतं. जननेंद्रियावर फुलकोबीसारखी रक्ताळ गाठ असते, ती कुत्र्या-कुत्र्यांत संगानं पसरणारी गाठ. व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाच्या, आठवड्याला एक अशा चार-सहा इंजेक्शनांनी ती बहुधा पूर्ण जाते. एक पाय मोडलेलं किंवा कापावं लागलेलं कुत्रं तीन पायांवर व्यवस्थित जगतं. पार्व्होचं, म्हणजे विषाणूनं रक्ताची हगवण लागलेलं पिल्लू सलाइनवर तगू शकतं.

दुसरीकडे, कणा तुटून मागचे दोन्ही पाय निर्जीव, शेपटीलाही संवेदना नाही, लघवीवर ताबा नाही, घासटून जखमा झालेल्या; किंवा डिस्टेंपरचे (मेंदूपर्यंत जाणारा विषाणूचा आजार) झटके थांबतच नाहीत; किंवा पोट फाटून आतडी बाहेर आणि तालुक्यात शस्त्रक्रियेची सोय नाही. अशांना आज संध्याकाळपर्यंतही वाट पाहायला लावू नये. समितीची बैठक महिन्यानं आहे म्हणून कुत्रं महिनाभर सडत ठेवणं हाही क्रूरपणाच. म्हणून ठरावातच लिहून घ्या: पथकातील पशुवैद्यकीय अधिकाऱ्यानं तपासल्यावर बाकी सदस्यांची संमती फोनवर घेऊन त्याच दिवशी निर्णय, आणि सही चोवीस तासांत.

शंका असेल तर परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून केस सांगा. मराठवाड्यात ही दोन महाविद्यालयं आहेत ही आपली फार मोठी जमेची बाजू आहे, आणि तिचा वापर आपण फार कमी करतो.

रेबीजचा संशय असलेल्या कुत्र्याचा नियम वेगळा. त्याला वेगळं, एकटं ठेवायचं; रेबीज असेल तर मृत्यू साधारण दहा दिवसांत येतो. आधीच मारून टाकलं तर गावात रेबीज होता की नव्हता हे कळायचा मार्गच बंद होतो, आणि ज्याला चावलं त्याच्याबद्दलचा अंदाजही चुकतो. ही खोली अंधारी, आवाजापासून दूर हवी. पाण्याचं भांडं बाहेरून सरकवता यावं. दोन दारं हवीत. डोक्यावर काठी घालणं तर अजिबात नाही, कारण तपासणी मेंदूचीच होते.

प्रत्यक्ष पद्धत: काय मागायचं आणि का

औषधाचं प्रमाण आम्ही इथे मुद्दाम लिहीत नाही. ते वजन, वय आणि अवस्था पाहून पशुवैद्यकानं ठरवायचं, आणि औषध त्याच्याशिवाय कोणाच्या हाती जाऊ नये. पण क्रम आणि त्यामागचं कारण मोहीम चालवणाऱ्याला माहीत हवंच, नाहीतर समोर काय चुकतंय ते कळणार नाही.

फासकीनं पकडून आणलेल्या कुत्र्याला तडक टेबलावर घेऊ नये. घाबरलेल्या, झुंजलेल्या कुत्र्यावर गुंगीचं औषध नीट चढत नाही. मग दुसरा डोस, तिसरा डोस, आणि त्यात अर्धा तास झटापट. आधी अर्धा तास पोत्यानं झाकलेल्या पिंजऱ्यात, बाकीच्या कुत्र्यांपासून लांब, गप्प राहू द्या. जखमी कुत्र्याला या वेळेत वेदनाशामक मिळालेलं असावं.

मग वजन. अंदाजानं ‘पंधरा-सोळा किलो’ नाही. शंभर किलोचा प्लॅटफॉर्म काटा आणि त्यावर मावेल असा, एक बाजू आत सरकणारा पिंजरा. रिकाम्या पिंजऱ्याचं वजन त्याच्यावरच रंगानं लिहून टाका आणि वजा करा. बाजू सरकवून कुत्रं हलकेच दाबात आलं की गजांमधून मांडीत सुई देता येते. चिमट्यानं मान आवळायची गरज उरत नाही.

पहिली सुई स्नायूत, गुंगीची. सहसा झायलॅझिन आणि केटामिन एकत्र. यानंतर दहा ते पंधरा मिनिटं कोणीही हात लावायचा नाही, बोलायचं नाही, टॉर्च मारायचा नाही. मराठवाड्यातल्या कोंडवाड्यांत घाई इथेच होते. पाच मिनिटांत ‘पडलं पडलं’ म्हणून ओढलं की अर्धवट गुंगीतलं कुत्रं जागं होतं आणि चावतं. झायलॅझिननं कुत्र्यांना उलटी होते, म्हणून आता तोंडाला पट्टी आवळलेली नको. कुशीवर, डोकं किंचित खाली, जीभ बाहेर.

बेशुद्धीची खात्री अशी: बोटांमधल्या कातडीला जोरात चिमटा घेतला तर पाय ओढून घेतला जात नाही. ओढला, तर थांबायचं. पापणीच्या कडेला बोट लावून उघडझाप होते का तेही बघायचं.

आता शीर. पुढच्या पायाच्या वरच्या बाजूनं, कोपरापासून मनगटाकडे येणारी. सहायकाचा अंगठा कोपराच्या वळणावर, बाहेरच्या बाजूला किंचित फिरवलेला. त्यानं शीर फुगते आणि जागची हलत नाही. दोन इंच केस कापायचे, स्पिरिटनं ओलं करायचं, तेव्हा काळ्या कुत्र्यातही ती दोरीसारखी दिसते. साध्या सुईऐवजी इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत बसून राहणारी प्लॅस्टिकची नळी मागा: मोठ्या कुत्र्याला गुलाबी, म्हणजे २० नंबर, मध्यमाला निळी, २२, पिल्लाला पिवळी, २४. बसवली की दोन-तीन मिली सलाइन सोडून पाहायचं. कातडीखाली फुगवटा आला तर ती शिरेत नाही. दुसरा पाय घ्यायचा. हे पाहणं इतकं महत्त्वाचं का? शेवटी शिरेतून सोडतात ते थायोपेंटोन हे तीव्र अल्कधर्मी औषध आहे. शिरेबाहेर गेलं तर आग होते आणि कातडी झडते. उन्हाळ्यात तहानलेल्या, पाणी आटलेल्या कुत्र्याच्या शिरा बसलेल्या असतात. तेव्हा पर्यायी मार्ग पशुवैद्यक ठरवतील, पण थेट हृदयात सुई हा मार्ग गाढ बेशुद्धीशिवाय कधीही नाही.

नियमात नाव असलेलं सोडियम पेंटोबार्बिटल तालुक्याला सहज मिळत नाही. पशुवैद्यक त्याच गटातलं थायोपेंटोन वापरतात. ते पावडर असते, ऐन वेळी कालवायचं, आणि कालवलेलं चोवीस तासांत संपवायचं किंवा टाकायचं. ‘परवाची अर्धी बाटली होती’ हे वाक्य ऐकलं तर काम थांबवा.

औषध शिरेतून गेलं की कुत्रं आधी खोल श्वास घेतं, मग श्वास थांबतो, हृदय त्यानंतर थांबतं. मधे एक-दोन उचकीसारखे श्वास येऊ शकतात, लघवी होते, डोळे उघडेच राहतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो हादरतो. स्टेथोस्कोप लावून सलग पाच मिनिटं ठोका नाही, बुबुळाला कापूस लावला तरी पापणी हलत नाही, बाहुली पसरलेली, तेव्हाच मृत्यूची नोंद. घाई केली तर कुत्रं ट्रॉलीत शुद्धीवर येतं, म्हणून ही पाच मिनिटं घड्याळ लावूनच मोजायची.

खोली आणि सामान

दहा बाय दहाची, दाराची, कुत्र्यांच्या जाळीतून न दिसणारी खोली पुरते. फरशी धुता येणारी, सांडपाणी जाळीकडे न वाहणारं, आणि दोन कुत्र्यांच्या मधे फरशी फिनाइलनं धुतलेली. आधीच्याचा वास आला की पुढचं आत यायलाच तयार होत नाही. वीज जाते, म्हणून चार्जिंगचा दिवा. बाकी सामान: स्टेथोस्कोप, केस कापायची मशीन, २, ५, १० आणि २० मिलीच्या सिरिंज, जुनी घोंगडी, सुया टाकायला पांढरा न टोचणारा डबा, आणि औषधांसाठी दोन कुलपांचं लोखंडी कपाट. केटामिन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत आहे. त्याचा हिशेब चुकला तर अडचणीत डॉक्टर येतात. म्हणून साठा रजिस्टर हे त्यांच्याच रक्षणासाठी आहे, असं त्यांना सांगा. ते पटतं.

मुख्याधिकाऱ्यांसमोर

सीओ साहेबांकडे पाच-सहा जणांचा घोळका घेऊन जाऊ नका. दोघं जा: एक जण कागद ओळखणारा, एक गावात मान असलेला, शिक्षक, निवृत्त कर्मचारी, एखाद्या बचत गटाच्या ताई. दोन पानांचं निवेदन, आवक विभागाचा शिक्का आणि तारखेची पोच हातात आल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. निवेदनात ‘क्रूरता थांबवा’ असं मोघम नको. चार मागण्या पुरे: देखरेख समितीची स्थापना आणि दरमहा बैठक, दयामरणाची लेखी कार्यपद्धती, पशुवैद्यकासोबत करार, आणि नोंदवह्या पाहण्याची परवानगी.

साहेबांच्या हरकती ठरलेल्या असतात. ‘डॉक्टर मिळत नाहीत.’ तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांची संमती आधीच घेऊन जा; जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांना पत्राची प्रत द्या, म्हणजे आठवड्याचे दोन दिवस ठरवून मिळायची शक्यता वाढते. ‘निधी नाही.’ वर्षाला मोजक्या कुत्र्यांची औषधं आणि एकदाचं सामान हा बोजा नाही; दरपत्रक सोबत जोडा. ‘लोक ओरडतात.’ याचं उत्तर खाली.

तोंडी ‘करतो की’ यावर विसंबू नका. विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर यावा लागतो आणि ठराव क्रमांक पडावा लागतो. मुख्याधिकारी बदलून जातात, ठराव राहतो. त्याआधी नगराध्यक्ष आणि दोन्ही बाजूंच्या नगरसेवकांना भेटून घ्या. एकाच गटाकडून विषय आला तर दुसरा गट विनाकारण आडवा येतो.

पकडण्याचं काम ठेकेदाराकडे असेल तर निविदेच्या अटी वाचा. दर कुत्र्यामागे पैसे असतील तर धडधाकट, माणसाळलेली, सहज हाती येणारी कुत्री उचलली जातात आणि खरं आजारी कुत्रं नाल्यात पडून राहतं. दयामरणाचे पैसे नगावर कधीही असू नयेत. पशुवैद्यकाचं मानधन महिन्याचं ठरलेलं असावं. नसबंदीची संस्था भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची प्रकल्प मान्यता असलेलीच हवी.

कामगार आणि गाव

कुत्री धरणारी माणसं बहुधा सफाई विभागातली. त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, हातमोजे दिलेले नसतात, आणि गावातले कुत्राप्रेमी त्यांनाच शिव्या देतात. पहिली मागणी त्यांच्यासाठी करा: रेबीजची आगाऊ लस, दिवस ०, ७ आणि २१ किंवा २८, कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे, पद्धत शिकवण्याचा एक दिवस, पशुवैद्यकाच्या हजेरीत. रोज हे पाहणाऱ्याला झोप लागत नाही, हेही समजून घ्या. दयामरणाच्या दिवशी तोच कामगार सलग लावू नये. ही माणसं आपल्या बाजूला आली की खरी माहिती आपोआप येऊ लागते.

गावाचा राग खरा आहे. शाळेतून येणाऱ्या पोरीच्या पोटरीचा लचका तोडलेला ज्या घरानं पाहिला, त्यांच्यापुढे दयेची भाषा करू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजची लस आहे का ते पाहा, नसेल तर त्याचं निवेदन आधी द्या. चावल्यावर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, चुना-मिरची भरायची नाही, लस दिवस ०, ३, ७ आणि २८ ला, आणि रक्त आलेल्या जखमेला इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), याची पत्रकं शाळेत वाटा. दिवाळीनंतर बीड-धाराशिवकडची कुटुंबं ऊसतोडीला गेली की दारातली कुत्री मागे उपाशी राहतात आणि टोळीनं फिरतात. नसबंदी-लसीकरणाची फेरी त्याआधी, भादव्यातल्या माजाच्या हंगामापूर्वी लावायचा आग्रह धरा. ज्या गावात पिल्लं कमी होतात तिथे कोंडवाड्यात गर्दी कमी, आणि गर्दी कमी झाली की ‘जागा करा’ म्हणून होणारी मरणं थांबतात.

प्रेताची विल्हेवाट

या औषधांचा अंश प्रेतात राहतो. उघड्यावर टाकलं तर ते खाणारी घार, कावळा, दुसरं कुत्रं मरतं. दोन मीटर खोल खड्डा, अर्धा भरला की वर चुना, मग माती. विहीर, बोअर आणि नाल्यापासून लांब. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वास सुटला की कुत्री उकरतात, म्हणून वरून काटेरी फांद्या किंवा दगड. जेसीबीनं महिन्याचा खड्डा एकदाच मारून, झाकण लावून ठेवणं सोपं पडतं.

दर महिन्याचं काम

नोंदवहीतली एक ओळ अशी भरलेली असली पाहिजे: ‘अ.क्र. ९, मादी, तांबडी, डाव्या डोळ्यावर पांढरा पट्टा, कानाला खाच, पकडलं बसस्टँडमागे, सकाळी ७.४०, वजन १३.२ किलो, निदान कणाभंग, मागील दोन्ही पाय संवेदनाहीन, गुंगी १०.०५, बेशुद्धीची खात्री १०.२०, शिरेतून औषध १०.२६, मृत्यूची खात्री १०.३४, बाटली क्र. व वापरलेले मिली, उरलेले मिली, पथकाच्या सह्या.’ वेळा गोल आकड्यांत, दहा, सव्वादहा, साडेदहा, अशाच दिसू लागल्या तर नोंद नंतर बसून भरली आहे असं समजा.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोघांनी जाऊन वापरलेले मिली आणि कपाटातल्या बाटल्या जुळवायच्या, न जुळलेलं त्याच दिवशी लेखी कळवायचं. तीन महिने सांगूनही फरक नाही पडला तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या जिल्हा लोकशाही दिनात. सोबत पोच असलेली निवेदनं, माहिती अधिकाराची उत्तरं, ठरावाची प्रत आणि तुमची ती तारीखवार वही, क्रमानं पानं घालून. बातमी द्यायचीच झाली तर याच्यानंतर, आणि तीही कामगाराचं नाव किंवा चेहरा न दाखवता, कपाटातल्या बाटल्यांच्या आकड्यांवर.